एडी मर्क्स कोर्सा एक्स्ट्रा : दोन वर्षे आणि सात हजार किलोमीटरनंतर

गेली दोन वर्षे मी कोर्सा एक्स्ट्रा ही पोलादी रेसिंग सायकल चालवतो आहे. ती बेल्जियममध्ये, तिथलेच थोर सायकलपटू एडी मर्क्स यांच्या स्वतःच्या कारखान्यात, 1980 च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली आणि माझ्या हाती येण्यापूर्वी तिने किमान दोन मालक पाहिले होते. नोकरीनिमित्त ब्रसेल्सच्या पूर्वेला राहायला आल्यावर, पुण्यात वापरलेली कार्बनची सायकल भावाकडे सोडून आलो असल्यामुळे, मला रोजच्या सरावासाठी एक सायकल हवी होती आणि ती याच मातीतली असावी असे मनापासून वाटत होते. ब्राबांतचे छोटे पण सतत येणारे चढ, फ्लँडर्समधल्या दगडी फरसबंदीच्या वाटा आणि एका उन्हाळ्यात आर्देनमधले जंगली रस्ते मिळून तिच्यावर सात हजारांहून थोडे अधिक किलोमीटर झाले. एवढ्या अंतरानंतर सायकलीविषयी ठामपणे बोलता येते. मात्र ज्या माणसाचे नाव या नळ्यांवर आहे त्याची कारकीर्द बाजूला ठेवून तिचे परीक्षण करता येणार नाही, असे माझे मत झाले आहे. ती अंगाला अशी का बसते आणि उतारावर अशी का वागते, याची बरीच उत्तरे त्या कारकिर्दीत सापडतात.

आधी खरेदीविषयी. गेंटजवळच्या, जुन्या सायकली नीट करून विकणाऱ्या एका दुकानातून मी ती 900 युरोंना घेतली. दुकानदाराने माझ्या पायांची, धडाची आणि हातांची मापे काळजीपूर्वक घेतली, दोन मापांच्या फ्रेम रस्त्यावर चालवून पाहू दिल्या आणि मोठी फ्रेम घेण्याचा माझा हट्ट शांतपणे मोडून काढला. याबद्दल मी त्याचा आभारी आहे. परंतु नारिंगी रंग कारखान्यातलाच आहे असे त्याने सांगितले होते आणि घरी आणून पॅडलांच्या आसाभोवतीचा जुना चिखल पुसला तेव्हा नारिंगी पापुद्र्याखाली निळा रंग दिसला. रंग नंतर दिलेला असण्यात वाईट काही नाही, पण तसे सांगायला हवे होते. त्याहून मोठा त्रास सीटच्या दांड्याने दिला. ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत ग्रीस न लावता वर्षानुवर्षे तसाच ठेवला आणि त्यात पावसाचे पाणी व रस्त्यावरचे मीठ झिरपले, की दोन्ही धातू एकमेकांना घट्ट धरून बसतात. माझा दांडा असाच बसला होता. तो सोडवायला तीन आठवडे, तेलाच्या दोन बाटल्या आणि एका अनुभवी कारागिराचा शनिवार खर्च झाला. यात फ्रेमची काही चूक नव्हती. चूक आधीच्या मालकाच्या दुर्लक्षाची आणि विकणाऱ्याच्या मौनाची होती.

हा तपशील लांबवण्याचे कारण असे, की या सायकलीवर जी एक गोष्ट कधीही अडकून राहता कामा नये ती सीटची उंचीच आहे. मर्क्स यांच्या शर्यतींची जुनी चित्रफीत पाहिलेल्या कोणालाही ते दृश्य आठवेल : शर्यत चालू असताना ते खिशातून षट्कोनी पाना काढतात, सीटचा बोल्ट सैल करतात, दांडा काही मिलिमीटर वरखाली करतात आणि पुन्हा आवळतात. ही सवय त्यांना लहरीने लागली नव्हती. सप्टेंबर 1969 मध्ये फ्रान्समधल्या ब्ल्वा गावच्या धावपट्टीवर, पुढे छोटी मोटरसायकल आणि तिच्या वाऱ्याच्या आडोशाला सायकलपटू अशा प्रकारच्या शर्यतीत, मोठा अपघात झाला. मर्क्स यांच्या पुढे मोटरसायकल चालवणारे फेर्नां वाम्स्त जागीच मरण पावले. मर्क्स बेशुद्ध झाले, त्यांच्या डोक्याला मार लागला, कंबरेचे हाड सरकले आणि मणक्याला दुखापत झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी फ्रान्सभर टप्प्याटप्प्याने होणारी टूर द फ्रान्स ही शर्यत पहिल्यांदा जिंकली होती आणि ते अवघे 24 वर्षांचे होते. त्या दिवसानंतर चढावर आपण पूर्वीसारखे कधीच राहिलो नाही, असे ते पुढे अनेकदा सांगत आले. ज्या कारकिर्दीचा बहुतेक भाग पाठदुखीसह पार पडला, त्या कारकिर्दीत 525 विजय आहेत, हे वाक्य मी अनेक वेळा वाचले होते. पण पाठ दुखणाऱ्या माणसाने आपल्या नावाची सायकल कशी बनवली असती, हा प्रश्न मला ही फ्रेम चालवायला लागल्यावरच पडला.

या फ्रेमची बैठक तिच्या काळातल्या बऱ्याच इटालियन फ्रेमपेक्षा वेगळी आहे. उभी नळी जरा अधिक मागे झुकलेली आहे, त्यामुळे बसणारा पॅडलांच्या मागे राहतो आणि शरीराचा भार हातांवर न येता मांड्यांवर आणि नितंबांवर येतो. चाकांमधले अंतर किंचित जास्त आहे. पॅडलांचा आस जमिनीपासून खाली आहे. कागदावर हे फरक एखादा अंश आणि काही मिलिमीटर एवढेच भरतात. तरी चार तास चालवल्यावर मानेला आणि कमरेला ते नेमके कळतात. माझ्या पुण्याच्या सायकलीवर तिसऱ्या तासानंतर मला दर दहा मिनिटांनी उभे राहून पाठ मोकळी करावी लागत असे. या सायकलीवर लूव्हेनहून निघून जेरार्ड्सबर्गनपर्यंत जाऊन परत येताना, जवळजवळ सहा तासांत, तशी गरज मला दोनदाच पडली. मर्क्स यांनी हे कोन आपल्या दुखऱ्या पाठीवरून ठरवले, असे लेखी प्रमाण माझ्याजवळ नाही आणि तसा दावाही मी करणार नाही. पण सीटच्या दांड्याशी आणि हँडलच्या उंचीशी दशकभर झगडलेल्या माणसाच्या कारखान्यातून अशी बसकी, लांब आणि सोसणारी सायकल बाहेर पडावी, यात मला योगायोग वाटत नाही.

नारिंगी रंगाविषयी दोन शब्द. खालचा निळा पाहिल्यानंतरही मी तो काढून टाकला नाही, कारण हा रंग मोल्तेनी संघाचा आहे आणि 1971 पासून 1976 पर्यंत मर्क्स याच रंगात धावले. मोल्तेनी ही मिलानजवळच्या आर्कोरे गावची मांसाचे सॉसेज बनवणारी कंपनी होती. त्याआधीचा त्यांचा फाएमा संघ कॉफीची यंत्रे बनवणाऱ्यांचा होता, त्याआधीचा पजो सायकली आणि मोटारी बनवणाऱ्यांचा. सायकलपटूच्या छातीवर कोणाचे नाव आहे यावर त्याचे पोट अवलंबून असते, हे या खेळाचे जुने वास्तव आहे. किराणा मालाच्या दुकानात वाढलेल्या मर्क्स यांना ते समजावून सांगावे लागले नसणार. त्यांचा जन्म 17 जून 1945 रोजी मेन्सेल-कीझेगेम या खेड्यात झाला आणि वर्षभरातच कुटुंब ब्रसेल्सच्या वोलुवे-सेंट-पीएर भागात येऊन दुकान चालवू लागले. मी राहतो तिथून तो भाग सायकलीने फार दूर नाही. 1964 मध्ये हौशी खेळाडूंचे विश्वविजेतेपद मिळवून ते पुढच्या वर्षी व्यावसायिक झाले आणि 1966 मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांनी मिलान-सान रेमो ही वर्षातली पहिली मोठी एकदिवसीय शर्यत जिंकली. ती शर्यत त्यांनी पुढे आणखी सहा वेळा जिंकली, शेवटची 1976 मध्ये. फ्रेमच्या उभ्या नळीवर निळा, तांबडा, काळा, पिवळा, हिरवा असे पाच पट्टे आहेत. ते विश्वविजेत्याच्या जर्सीचे पट्टे असून ते लावण्याचा हक्क मर्क्स यांनी 1967 मध्ये हेर्लेन, 1971 मध्ये मेंद्रिसिओ आणि 1974 मध्ये माँट्रिअल येथे कमावला. दुसऱ्याने रंगवलेल्या फ्रेमवर हे पट्टे नीट, सरळ आणि योग्य क्रमाने आले आहेत, एवढे श्रेय त्या अनामिक रंगाऱ्याला मी देतो.

आता उतार. माझ्या मते ही या सायकलीची सर्वांत मोठी देणगी आहे. हलकी आधुनिक सायकल उतारावर चपळ असते, पण हँडलवरच्या बोटांची थरथरही ती रस्त्यापर्यंत पोहोचवते. कोर्सा एक्स्ट्रा वळणात एकदा झुकवली की त्याच रेषेत राहते. मधे खड्डा किंवा ओल्या पानांचा थर आला तरी तिला घाबरून सावरावे लागत नाही. आर्देनमध्ये, ला रोशजवळच्या एका लांब उतारावर, ताशी 60 किलोमीटरच्या पुढे गेल्यावर मला या स्थैर्याची किंमत कळली. इथे 1971 ची टूर आठवल्याशिवाय राहत नाही. स्पॅनिश प्रतिस्पर्धी लुईस ओकान्या यांनी ओर्सिएर-मर्लेतच्या चढावर मर्क्स यांना 8 मिनिटे 42 सेकंदांनी मागे टाकले आणि सगळ्यांनी टूर संपली असे मानले. विश्रांतीच्या दिवसानंतर मार्सेयकडे जाणारा टप्पा सुरू होताच, पहिल्याच मीटरपासून, मर्क्स यांच्या संघाने त्याच डोंगरावरून खाली उतरताना हल्ला चढवला. सुमारे 250 किलोमीटर ते थांबले नाहीत. स्वागतासाठी ठरलेल्या वेळेच्या इतक्या आधी ते मार्सेयला पोहोचले, की नगराध्यक्षांचे यायचेच राहून गेले. एवढ्या खटाटोपातून मिळाली जेमतेम दोन मिनिटे. पुढे पिरेनीजमध्ये, वादळी पावसात, कोल द माँतेच्या उतारावर ओकान्या पडले आणि त्यांची शर्यत संपली. दुसऱ्या दिवशी एकूण आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी घालायला मर्क्स यांनी नकार दिला, कारण ती आपण रस्त्यावर जिंकलेली नाही असे त्यांना वाटले. ही टूर आकडेवारीत मर्क्स यांच्या पाच टूर-विजयांपैकी एक म्हणून नोंदली जाते. माझ्या लेखी त्यांच्या थोरवीचा पुरावा ते दोन मिनिटांसाठी केलेले 250 किलोमीटर आहेत.

दगडी फरसबंदीवर मात्र संमिश्र अनुभव सांगावा लागेल. पोलादी नळ्या आणि पुढचे चाक धरणारा, किंचित वाकवलेला चिमटा धक्के बऱ्यापैकी गिळतात, हे खरे. परंतु ब्रेकच्या आणि चिमट्याच्या मधल्या जागेत 25 मिलिमीटरपेक्षा रुंद टायर मावत नाही. आजचे व्यावसायिक खेळाडू उत्तर फ्रान्समधल्या दगडी रस्त्यांच्या पारी-रूबे शर्यतीसाठी 30 मिलिमीटरच्या आणि त्याहूनही रुंद टायरवर जातात, त्यांत हवाही बरीच कमी ठेवतात. माझ्या सायकलीवर तसे करता येत नाही, म्हणून ओल्या दगडांवर मी तिला नेत नाही आणि इतरांनीही नेऊ नये. मर्क्स यांनी पारी-रूबे 1968, 1970 आणि 1973 अशी तीनदा जिंकली, 1970 मध्ये तर रॉजर द व्लामिंक यांना पाच मिनिटांहून अधिक अंतराने मागे टाकून. कोरड्या दिवशी जेरार्ड्सबर्गनचा मुर हा दगडी चढ चढताना माझ्या मनात 1969 ची फ्लँडर्सची शर्यत असते. त्या दिवशी वारा आणि पाऊस असताना मर्क्स शेवटाच्या सुमारे 70 किलोमीटर आधी एकटे निघाले. संघाचे व्यवस्थापक लोम द्रीसेन्स मोटार शेजारी आणून हा वेडेपणा आहे असे सांगू लागले, तरी ते थांबले नाहीत, आणि फेलिचे जिमोंदी यांच्या पुढे 5 मिनिटे 36 सेकंद राहून जिंकले. त्याच वर्षीच्या टूरमध्ये, पिवळी जर्सी आधीच सुरक्षित असताना, तुर्माले आणि ओबिस्कचे घाट ओलांडून मुरेंक्सपर्यंत 140 किलोमीटर ते एकटेच गेले. एकूण विजयाचे अंतर 17 मिनिटे 54 सेकंद होते आणि पिवळ्या जर्सीबरोबर गुणांची हिरवी जर्सी व डोंगरांचे विजेतेपदही त्यांचेच होते. 30 वर्षांनी बेल्जियमला टूरचा विजेता मिळाला होता.

वजनाची बाजू लपवण्यात अर्थ नाही. माझी सायकल, पॅडलांसह, साडेनऊ किलो भरते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलींसाठी ठरवलेली किमान मर्यादा 6.8 किलो आहे आणि दुकानातली मध्यम किमतीची कार्बन सायकलही आज आठच्या आसपास असते. नळ्या मिलानच्या कोलंबस कंपनीच्या एसएलएक्स प्रकारच्या आहेत. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या या नळ्यांच्या आतल्या बाजूला, पॅडलांच्या आसाजवळच्या टोकाला, नागमोडी उंचवटे ठेवलेले असतात, जेणेकरून जोर लावताना फ्रेम तिथे पिळली जाऊ नये. सपाटीवर हा ताठरपणा जाणवतो, उभे राहून वेग वाढवताना अधिकच. दहा टक्क्यांच्या चढावर मात्र दीड-दोन किलोंचा फरक शरीर मोजते. मूळच्या पुढच्या चक्राला 42 दाते होते आणि मागे सर्वांत मोठे 26 चे. एवढ्यावर मी मुर चढलो, पण गुडघ्यांनी दोन दिवस तक्रार केली. म्हणून पुढचे चक्र 39 दात्यांचे बसवले. कॅम्पान्योलोच्या त्या काळच्या क्रँकवर याहून लहान चक्र बसत नाही. स्टाव्हलोच्या स्टोकू चढावर, जिथे मर्क्स यांचे स्मारक उभे आहे, तिथे हे 39 सुद्धा मला अपुरे पडले आणि शेवटचा तुकडा मी चालत गेलो. याच भागातून जाणारी लिएज-बास्तोन्य-लिएज ही शर्यत मर्क्स यांनी पाच वेळा जिंकली आहे.

वजनाविषयी बोलताना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पोलाद म्हणजे जड, असे मानणाऱ्यांनी ब्रसेल्सला आल्यास अँडरलेख्ट भागातल्या मेट्रोच्या एडी मर्क्स स्थानकावर उतरावे. तिथे फलाटावर काचेच्या पेटीत त्यांची 1972 ची सायकल ठेवली आहे. एर्नेस्तो कोल्नागो यांनी बनवलेल्या त्या पोलादी सायकलीचे वजन सहा किलोंपेक्षाही कमी होते. साखळीच्या कड्यांना भोके पाडून, जिथे जमेल तिथे टायटॅनियम वापरून ते खाली आणले गेले. 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत या सायकलीवर मर्क्स यांनी एका तासात 49.431 किलोमीटर कापून तासाभराच्या अंतराचा विश्वविक्रम केला. उतरल्यावर त्यांना धड चालता येईना. हा विक्रम 1984 मध्ये फ्रान्चेस्को मोझेर यांनी वेगळ्या आकाराच्या सायकलीवर मोडला. पण 2000 साली, आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या पद्धतीच्या सायकलीची अट पुन्हा घातल्यावर, ख्रिस बोर्डमन यांना मर्क्स यांच्यापेक्षा फक्त 10 मीटर पुढे जाता आले. मध्ये 28 वर्षे गेली होती. त्या पेटीसमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा शेजारून नोकरीला निघालेली माणसे न बघता जात होती आणि मला कोणाला तरी थांबवून हे सगळे सांगावेसे वाटत होते.

गिअर बदलण्याचे दांडे तिरक्या नळीवर आहेत. प्रत्येक बदलासाठी एक हात हँडलवरून काढून खाली न्यावा लागतो. सवय व्हायला मला महिना लागला आणि आता त्याचे काही वाटत नाही, मात्र गर्दीच्या रस्त्यावर ही रचना धोक्याची आहे. ब्रेक चांगले आहेत, पावसात सामान्य. मडगार्ड लावायला फ्रेमवर कान नाहीत. बेल्जियमच्या हवामानात ही उणीव पाठीवर उमटते.

नावाची किंमत मोजताना त्या नावावरच्या डागांचाही विचार मी केला. 2 जून 1969 रोजी जिरो द'इतालिया या इटलीतल्या टप्प्यांच्या शर्यतीत आघाडीवर असताना सावोना येथे उत्तेजकाच्या चाचणीत दोषी ठरल्याने त्यांना शर्यतीतून काढण्यात आले. आपण काहीही घेतले नाही, हे त्यांनी कायम सांगितले. बंदी उठवली गेली आणि महिन्याभरात ते टूरच्या आरंभरेषेवर होते. 1973 मध्ये लोंबार्दीची जिंकलेली शर्यत आणि 1977 मध्ये बेल्जियमच्या फ्लेश वालोन शर्यतीतला क्रमांकही याच कारणाने गेला. सावोनाबद्दल शंका घ्यायला जागा आहे, पुढच्या दोन्हींबद्दल मला तसे म्हणता येत नाही. हे मान्य करूनही त्यांच्याविषयीचा माझा आदर टिकून आहे, आणि तो टिकण्याचे कारण विजयांपेक्षा एका पराभवात जास्त आहे.

1975 च्या टूरमध्ये मर्क्स सहाव्या विजयाकडे निघाले होते. प्वी द दोमच्या चढावर, माथा जवळ आला असताना, गर्दीतल्या एका प्रेक्षकाने त्यांच्या पोटात ठोसा मारला. दोनच दिवसांनी कोल द'आलोसवरून उतरताना त्यांनी मोठी आघाडी घेतली आणि प्रा लूच्या शेवटच्या चढावर, विजय समोर दिसत असताना, त्यांचे पाय संपले. बर्नार तेवने त्यांना मागे टाकून गेले. त्या संध्याकाळी गेलेली पिवळी जर्सी मर्क्स यांना पुन्हा कधी मिळाली नाही. यानंतर एका टप्प्याच्या आधी, ओले रिटर यांच्याशी टक्कर होऊन ते पडले आणि गालाचे हाड मोडले. घन अन्न चावता येत नव्हते. डॉक्टरांनी थांबायला सांगितले होते. ते थांबले नाहीत. उरलेले सगळे टप्पे पूर्ण करून पॅरिसला पोहोचले आणि 2 मिनिटे 47 सेकंदांनी दुसरे आले. हरणे निश्चित असताना इतके दिवस चालवत राहण्याने शरीराचे जे नुकसान झाले त्यातून आपण सावरलो नाही, असे त्यांनी नंतर मानले, आणि पुढच्या निकालांकडे पाहता ते खरे असावे. पण तेवने यांचा विजय प्रतिस्पर्धी पळून गेल्यामुळे मिळाला असे कोणी म्हणू नये, एवढी किंमत त्यांनी दिली. ज्यांना सायकलपटू ख्रिस्तियाँ रेमों यांच्या लहान मुलीने 'नरभक्षक' म्हटले आणि जगाने तेच नाव उचलले, त्यांचा हा चेहरा त्या नावात कुठेच दिसत नाही. लहानपणी वडिलांबरोबर बोरघाटात उभे राहून मुंबई-पुणे शर्यत पाहताना 'घाटाचा राजा' होणाऱ्यासाठी टाळ्या वाजून झाल्या की वडील मला थांबवून ठेवत आणि मागून एकेकटे येणाऱ्यांसाठीही टाळ्या वाजवायला लावत. प्रा लूची हकीकत वाचताना मला ते आठवते.

मार्च 1978 मध्ये मर्क्स यांनी शेवटची शर्यत केली आणि मे महिन्यात, 33 वर्षेही पूर्ण झाली नसताना, निवृत्ती जाहीर केली. पुढे काय करावे हे काही काळ त्यांना सुचत नव्हते. 1980 मध्ये ब्रसेल्सच्या उत्तरेला मेइझे येथे त्यांनी सायकलींचा कारखाना काढला आणि मोल्तेनीच्या काळात त्यांच्या फ्रेम घडवणारे उगो दे रोसा यांनी कारागिरांना काम शिकवले. माझ्या फ्रेमच्या जोडांवर हे शिक्षण दिसते. नळ्या जिथे मिळतात तिथले पोलादी लग कडेपर्यंत घासून पातळ केलेले आहेत, सांधणीचे पितळ कुठेही ओघळलेले नाही, आणि दांडा काढल्यावर दिवा लावून आत पाहिले तेव्हा आतली बाजूही स्वच्छ निघाली. चाके फ्रेममध्ये बसवल्यावर बरोबर मध्यात येतात, दोरी लावून तपासले. 80 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सेव्हन-इलेव्हन संघाने आणि नंतर मोटोरोलाने या कारखान्याच्या सायकली चालवल्या, ते केवळ नावासाठी नसावे. 2008 मध्ये मर्क्स यांनी कंपनीतला आपला बहुतांश हिस्सा विकला. त्यानंतरच्या सायकलींविषयी मी काही म्हणत नाही, कारण त्या मी चालवलेल्या नाहीत.

कोणी घ्यावी? ज्यांना लांब अंतर शांतपणे कापायचे आहे, ज्यांना आपली सायकल स्वतः उघडून पुसून बसवायला आवडते आणि ज्यांचे रस्ते बरे आहेत, त्यांनी जरूर घ्यावी. चाकांच्या आणि हँडलच्या आसातले छर्रे वर्षातून एकदा काढून ग्रीस भरावे लागतात. हे काम पुण्या-मुंबईतला कोणताही जुना सायकल मिस्त्री नव्या सायकलीच्या कामापेक्षा अधिक विश्वासाने करील. भारतात नेणाऱ्यांनी कोकणच्या पावसाचा आणि समुद्राच्या हवेचा विचार करून नळ्यांच्या आत गंजरोधक तेल आधीच फिरवावे. जुने सुटे भाग, विशेषतः मागच्या चक्रांचे संच, तिथे मिळणार नाहीत, म्हणून एक जास्तीचा संच सोबत न्यावा. रोज ऑफिसला जाण्यासाठी, सामान वाहण्यासाठी किंवा खडीच्या वाटांसाठी ही सायकल घेऊ नये. केवळ वेग हवा असेल तर याच पैशात वापरलेली कार्बन सायकल अधिक वेगवान मिळेल, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. फ्रेम उलटी करून पॅडलांच्या आसाखालची माती पुसा आणि खालचा रंग व गंज पाहा. चिमट्याच्या मागच्या बाजूने, हँडलच्या मुळाशी, बोट फिरवून रंगाला सुरकुती आहे का ते पाहा. तिथे सुरकुती असेल तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. आणि दुकानदारासमोरच सीटचा बोल्ट सैल करून दांडा खालीवर होतो की नाही, हे स्वतःच्या हाताने करून बघा.